सोळा फुटी सीडर कनू: कामाच्या नोंदी

५ ऑक्टोबर २०२४

आजपासून गाडी अंगणात उभी राहील आणि गॅरेज पुढच्या उन्हाळ्यापर्यंत कनूचे, म्हणजे वल्ह्याने चालवायच्या निमुळत्या होडीचे असेल. कॅनडातल्या पीटरबरोच्या हिवाळ्यात रोज सकाळी काचेवरचा बर्फ खरवडण्याची तयारी ठेवूनच हा निर्णय घरात संमत झाला आहे.

कनू इथेच का बांधायची, हा प्रश्न या गावात कोणी विचारत नाही. माझ्या घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर, लिटल लेकच्या काठी, मे २०२४ मध्ये कॅनेडियन कनू म्युझियमची नवी इमारत उघडली आणि तिच्यात सहाशेहून अधिक होड्या आहेत. गेले दोन रविवार मी तिथे काढले. या प्रदेशातले मूळ रहिवासी असलेल्या अनिशिनाबे लोकांच्या बर्च झाडाच्या सालीच्या कनू, त्यानंतर एकाच खोडातून कोरलेल्या होड्या, आणि एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पीटरबरो व लेकफील्डच्या सुतारांनी सुरू केलेल्या फळ्यांच्या व पट्ट्यांच्या कनू असा क्रम तिथे डोळ्यांनी पाहता येतो. त्या जुन्या कनूंमध्ये सीडर या लाकडाच्या पट्ट्या आतल्या बारीक फासळ्यांवर पितळी व तांब्याच्या खिळ्यांनी बसवलेल्या दिसतात.

माझी कनू दिसायला त्यांच्या जवळची असली तरी तिची रचना वेगळी असेल. तिच्यात फासळ्या नसतील. पाव इंच जाडीच्या पट्ट्या काठाला काठ चिकटवून कवच तयार करायचे आणि त्याला आतून व बाहेरून काचतंतूचे कापड इपॉक्सी या रेझिनने चिकटवायचे, ही पद्धत १९६०च्या दशकात मिनेसोटातल्या कनू-शर्यतींत उतरणाऱ्या मंडळींनी रूढ केली. इथे काच ताण-दाब घेते आणि लाकूड दोन काचांमधले अंतर राखते, म्हणजे लोखंडी गर्डरमध्ये मधल्या उभ्या पट्टीचे जे काम असते ते इथे सीडरचे असते. यंत्रभागांचे आराखडे तपासण्यात माझी नोकरीची वर्षे गेली असल्यामुळे हा भाग मला लगेच पटला. हाताने करायचे काम मात्र मला नवीन आहे.

१९ ऑक्टोबर २०२४

प्रॉस्पेक्टर घाटाच्या सोळा फुटी कनूचा पूर्ण मापाचा नकाशा मिळवला. हा घाट सामान वाहून नेण्यासाठी व प्रवाही पाण्यासाठी प्रसिद्ध आहे, कारण तळ टोकांकडे थोडा उचललेला असतो आणि टोके उंच असतात. त्यामुळे ती चटकन वळते. वारा सुटला की ती तितकीच चटकन भरकटते, हेही नकाशा देणाऱ्याने सांगितले.

कनूचे आडवे छेद एक-एक फुटाच्या अंतरावर दिलेले आहेत. प्रत्येक छेदाचा एक साचा पाऊण इंची प्लायवुडमधून कापायचा. मधला एक, पुढे सात, मागे सात आणि दोन्ही टोकांच्या नाळेचे (टोकाच्या वाकलेल्या कण्याचे) दोन, असे एकूण सतरा साचे होतात. आज नऊ कापले. जिगसॉ रेषेच्या बाहेरून फिरवला आणि राहिलेले लाकूड कानशीने रेषेपर्यंत आणले.

संध्याकाळी चिपळूणला मामांना व्हिडिओवर साचे दाखवले. मामांनी चाळीस वर्षे सुतारकाम केले असून त्यांच्याकडे आठ सुतांचा इंच अजून चालतो. नकाशावर एक अष्टमांश, सात अष्टमांश असे लिहिलेले पाहून मी गोंधळत होतो. मामा म्हणाले, "अष्टमांश काय म्हणतोस? एक सूत, सात सूत म्हण. डोकं शांत राहील." तेव्हापासून या वहीत मी सुतातच लिहितो आहे.

९ नोव्हेंबर २०२४

साचे ज्यावर उभे करायचे ती चौदा फुटी पेटी, जिला इथले लोक स्ट्राँगबॅक म्हणतात, ती प्लायवुडची बनवून पायांवर चढवली. पेटी सरळ असणे हे सगळ्या कामाचे मूळ आहे, म्हणून तिच्या मधोमध बारीक दोरी ताणून बांधली आणि प्रत्येक साच्याची मध्यरेषा त्या दोरीला व ओळंब्याला जुळवली. साचे उलटे उभे आहेत, म्हणजे कनू पालथी घडणार.

साचा पेटीवरच्या खुणेच्या कोणत्या बाजूला लावायचा याला एक नियम आहे. कनू मध्यापासून टोकांकडे निमुळती होत जाते आणि साच्याला पाऊण इंच जाडी असते. साच्याची जाडी मध्याच्या बाजूला ठेवली तर पट्टी खुणेवरच्या काठालाच टेकते आणि माप बरोबर येते. जाडी टोकाच्या बाजूला गेली तर पट्टी साच्याच्या पलीकडच्या काठावर चढते आणि तिथे कनू फुगते. हे मी नीट वाचले होते, कागदावर आकृती काढून स्वतःला समजावलेही होते.

दुपारी सोळा फुटी लवचिक पट्टी साच्यांवरून वाकवून पाहिली. मागच्या चौथ्या साच्याला ती घट्ट टेकत होती आणि तिसऱ्या व पाचव्याजवळ पातळ फट राहत होती. तिसरा व पाचवा कापताना कानस जास्त चालली असावी असे वाटून मी त्यांच्या काठांवर मास्किंग टेपचे थर लावून फट भरली. पट्टी आता सगळीकडे टेकते.

३० नोव्हेंबर २०२४

पट्ट्या आल्या. ब्रिटिश कोलंबियातल्या पश्चिमी लाल सीडरच्या, दोन सूत जाड व सात सूत रुंद, एका काठाला गोलाई आणि दुसऱ्याला तशीच पन्हळ. एका पट्टीची गोलाई पुढच्या पट्टीच्या पन्हळीत बसते, त्यामुळे कवच वळत गेले तरी फट पडत नाही. गोलाई एक सूत आत जाते, म्हणून प्रत्यक्षात पट्टी सहा सुतांचीच जागा व्यापते. मध्याजवळचा घेर मोजून पाहता सत्तरेक ओळी लागतील.

रंगात किती फरक असावा! फिकट मधासारख्या पट्ट्यांपासून जवळपास जांभळट तपकिरी रंगापर्यंत सगळ्या छटा एकाच गठ्ठ्यात आहेत. सगळ्या जमिनीवर पसरून रंगवार लावल्या. गडद पट्ट्या काठाजवळ, फिकट पट्ट्या तळाकडे आणि पाण्याच्या रेषेवर एकच फिकट ओळ, एवढीच सजावट ठरवली आहे. म्युझियममधल्या जुन्या कनू पाहिल्यावर नक्षी करण्याची हौस उरत नाही.

बहुतेक पट्ट्या आठ-दहा फुटी असल्याने त्यांना तिरके सांधे द्यावे लागले. सांध्याची लांबी जाडीच्या आठपट, म्हणजे दोन इंच. त्यासाठी एक लहानसा ठोकळा बनवून त्यात पट्टी धरून रंधा मारला.

या लाकडाचा वास सुंदर असला तरी त्याची धूळ निरुपद्रवी नाही. त्यातल्या प्लिकॅटिक आम्लामुळे लाकडाच्या गिरण्यांतल्या कामगारांना दमा होत असल्याचे फार पूर्वीच सिद्ध झाले आहे. रबरी मुखवटा घेतला आणि घरात जाण्यापूर्वी कपडे गॅरेजमध्येच बदलायचे ठरवले.

१४ डिसेंबर २०२४

दोन्ही नाळा. नाळेचा आतला व बाहेरचा असे दोन भाग अॅशच्या लाकडाचे असतात आणि ते एकदम वाकत नाहीत, म्हणून दोन सूत जाडीच्या तीन-तीन पट्ट्या वाफवून साच्यावर वाकवायच्या व सुकल्यावर एकमेकींना चिकटवायच्या.

अॅश आता या भागात दुःखद रीतीने सहज मिळतो. २००२ मध्ये डेट्रॉइट व विंडसर परिसरात सापडलेला एक हिरवा आशियाई भुंगेरा तेव्हापासून ही झाडे पोखरतो आहे. त्याने मारलेली झाडे कापून रचलेली असतात. मी घेतलेली फळी अशाच एका झाडाची आहे.

वाफेसाठी फळ्यांची लांब पेटी आणि भिंतीवरचा कागद काढायचे वाफेचे यंत्र वापरले. एक इंच जाडीला एक तास असा अंदाज सांगतात, म्हणून मी वीस मिनिटे दिली. पेटीतून काढल्यापासून पट्टी साच्याला घट्ट बसेपर्यंत जेमतेम अर्धा मिनिट मिळते आणि त्यात शिकंजे शोधायला वेळ नसतो. पहिल्या पट्टीच्या शिरा बाहेरून फाटल्या, कारण शिकंजे मी दुसऱ्या टेबलावर ठेवले होते. दुसरीपासून मुलगी हातात शिकंजे घेऊन उभी राहिली व सगळ्या नीट वाकल्या.

४ जानेवारी २०२५

आज पट्ट्या लावायला सुरुवात केली. साच्यांच्या काठांना आधी पॅकिंगची टेप लावली, म्हणजे सरस साच्याला धरणार नाही. पहिली पट्टी काठाच्या खुणांवर लावायची, पण प्रॉस्पेक्टरची टोके इतकी उंच आहेत की पट्टी तेवढी वाकत नाही. तिला मधल्या दहा साच्यांवर खुणेप्रमाणे ठेवून टोकांना तिच्या मर्जीने सरळ जाऊ दिले. टोकांशी राहिलेली जागा नंतर आखूड तुकड्यांनी भरायची.

पन्हळ वर राहते, तिच्यात सरसाची बारीक धार सोडायची, पुढची पट्टी वरून बसवायची आणि प्रत्येक साच्यावर स्टेपल मारायची. डावीकडे एक पट्टी, मग उजवीकडे एक, नाहीतर एकाच बाजूचा ताण साच्यांना ओढतो. दिवसभरात सहा ओळी झाल्या. सरसाचे ओघळ ओल्या फडक्याने लगेच पुसले, कारण वाळलेला सरस सीडरपेक्षा कितीतरी कठीण असतो व नंतर रंधा त्याच्यावरून उडी मारतो.

२६ जानेवारी २०२५

बाहेर उणे १९. विजेचा हीटर सकाळी सातला लावला तर दुपारी गॅरेज १२ अंशांवर येते. त्याखाली सरस नीट धरत नाही, म्हणून सरसाची बाटली घरात ठेवतो आणि चार तास काम करतो. एका बाजूला अकरा ओळी झाल्या.

८ फेब्रुवारी २०२५

आज काम करायचे सोडून बराच वेळ नुसता बसलो होतो.

रात्री हीटर बंद करून दिवा विझवायला गेलो, तेव्हा टेबलावरचा एक दिवा खालीच जळत राहिला होता आणि त्याचा प्रकाश कनूच्या अंगावरून आडवा जात होता. मागच्या चौथ्या साच्याच्या जागी दोन्ही बाजूंना सावलीची एक उभी पट्टी दिसली. हात फिरवला तर उंचवटा बोटांना स्पष्ट लागला. टोकाशी गुडघे टेकून, गाल पट्टीला लावून एका डोळ्याने पाहिले. रेषा मागून छान येत होती, तिथे फुगत होती आणि पुन्हा खाली उतरत होती.

आत विजेरी घेऊन वाकून पाहिले. चौथा साचा पेटीवरच्या खुणेच्या चुकीच्या बाजूला आहे. म्हणजे त्याची पाऊण इंच जाडी मध्याकडे नसून टोकाकडे आहे. नोव्हेंबरात लवचिक पट्टीने मला हेच दाखवले होते. त्या जागी कनू साधारण फुटामागे दोन इंच निमुळती होते, त्या हिशेबाने सहा सुतांच्या सरकण्यामुळे बाजूला एक सूत फुगवटा यायला हवा, आणि तेवढाच आला आहे. शिवाय तिसऱ्या व पाचव्या साच्यावर टेपचे थर लावून ते दोन निर्दोष साचेही मी बिघडवले.

मामांना उशिरा फोन लावला. तिकडे सकाळ होती. सगळे ऐकून ते एवढेच म्हणाले, "तेव्हा पट्टी टेकत नव्हती, तर पट्टीला कशाला गप्प केलंस?"

९ फेब्रुवारी २०२५

सोळाही ओळी काढून टाकण्याचा विचार रात्रीच सोडून दिला, कारण काठाला काठ चिकटलेल्या पट्ट्या आता तुटल्याशिवाय सुटणार नाहीत. त्याऐवजी मागच्या तीन ते पाच साच्यांवरच्या सगळ्या स्टेपल काढल्या, चौथ्या साच्याचे स्क्रू सोडले आणि त्याला खुणेच्या योग्य बाजूला सरकवायचा प्रयत्न केला. साचा हलेना. एका ठिकाणी पॅकिंगची टेप फाटून सरसाने साच्याला धरले होते. पातळ पात्याची सुरी आतून घालून तो थेंब कापायला पाऊण तास लागला. नंतर साचा सरकला व कवच थोडे आत बसले.

थोडे म्हणजे अर्धे सूत. एकत्र चिकटलेल्या सोळा पट्ट्यांनी चुकीचे वळण पाच आठवड्यांत अंगी बाणवले होते आणि ते त्या पूर्ण सोडायला तयार नाहीत. तिसऱ्या व पाचव्या साच्यांच्या ज्या भागावर पट्ट्या अजून आल्या नाहीत तिथली टेप काढून टाकली. इथून तळाकडचा आकार बरोबर येईल. बाजूंवरचे अर्धे सूत राहील व त्याचा विचार रंध्याच्या वेळी करावा लागेल.

२२ मार्च २०२५

तळ बंद झाला. बाजू संपून तळाच्या गोलाईवर आल्यानंतर पट्ट्यांना पीळ द्यावा लागतो आणि प्रत्येकीची टोके हळूहळू लहान होत जातात. डाव्या अंगाच्या पट्ट्या मध्यरेषेच्या पलीकडे जाऊ दिल्या, मग दोरी ताणून मध्यरेषा आखली आणि तिच्यावर धारदार सुरी व रंध्याने सरळ काठ केला. उजवीकडची प्रत्येक पट्टी त्या काठाला दोन्ही टोकांशी लांब तिरकी कापून बसवावी लागली. एकेका पट्टीला तासभर गेला. या कामात मला जितका आनंद मिळाला तितका आतापर्यंतच्या कोणत्याच टप्प्यात मिळाला नव्हता. पट्टी लावून पाहायची, प्रकाश कुठून झिरपतो ते पेन्सिलीने टिपायचे, एक पातळ साल काढायची, पुन्हा लावायची.

शेवटच्या पट्टीला इकडे व्हिस्कीची फळी म्हणतात, कारण ती बसली की बाटली उघडायची प्रथा आहे. आमच्याकडे आल्याचा चहा झाला. शेजारच्या गृहस्थांनी मात्र प्रथा मोडू नये म्हणून स्वतःचा पेला घरून आणला.

१२ एप्रिल २०२५

गेले तीन आठवडे स्टेपल काढण्यात, रंध्यात आणि पॉलिश पेपरमध्ये गेले. हजाराच्या वर स्टेपल निघाल्या. आधी बाहेरच्या नाळा चिकटवून त्यांना पट्ट्यांच्या टोकांशी एकजीव केले व नंतर लहान रंध्याने पट्ट्यांचे कंगोरे उतरवायला घेतले. शिरांची दिशा पट्टीगणिक बदलते, त्यामुळे एका पट्टीवर पुढे जाणारा रंधा शेजारच्या पट्टीची साल उचकटतो. तसे झाले की उलट बाजूने यायचे.

मागच्या चौथ्या साच्याजवळचा फुगवटा रंध्याने पूर्ण घालवता आला असता, पण दोन सुतांच्या पट्टीतून अर्धे सूत गेले तर एक चतुर्थांश लाकूड गेले. मी निम्मेच काढले, आणि काढताना अंतर पुढे-मागे दोन-दोन फूट लांबवले, म्हणजे उतार एका ठिकाणी जाणवणार नाही. आतून त्या जागी काचेचा एक जादा थर द्यायचा असे ठरवून पेन्सिलीने तिथे वर्तुळ काढून ठेवले आहे.

त्यानंतर ८० नंबरचा पेपर लांब लवचिक फळीला लावून तिरक्या फेऱ्या मारल्या. यंत्राने घासले तर मऊ शिरा खोल जातात, हे एका तुकड्यावर पाहून घेतले होते. शेवटी संपूर्ण कनूवर गरम पाण्याचे फडके फिरवले. पाण्याने दबलेले खड्डे फुगून वर येतात, स्टेपलची भोके मिटत येतात आणि राहिलेला सरसाचा डाग फिकट ठिपक्यासारखा उघडा पडतो. पाण्याखाली दिसलेला रंग हाच पुढे इपॉक्सीखाली दिसणार आहे. मुलगी शाळेतून आली आणि दारातच थांबून म्हणाली, "बाबा, ही तर गुळाची झाली."

१० मे २०२५

बाहेरच्या बाजूवर काच चढवली. या एका दिवसासाठी मी महिनाभर हवामान पाहत होतो. कारण असे की लाकडात हवा असते, आणि तापमान चढत असेल तर ती हवा फुगून ओल्या रेझिनमधून बुडबुडे काढत बाहेर येते. उतरत असेल तर लाकूड रेझिन आत ओढून घेते. म्हणून सकाळपासून हीटर लावून गॅरेज २४ अंशांवर नेले, तीन वाजता हीटर बंद केला आणि चार वाजता पहिला पेला मिसळला.

सहा औंसांचे, म्हणजे चौरस मीटरला सुमारे दोनशे ग्रॅमचे, पाच फूट पन्ह्याचे कापड आधी कोरडेच कनूवर टाकून मऊ ब्रशने मधून टोकांकडे सारखे केले होते. रेझिन मध्याजवळ ओतायचे व रबरी पातीने पसरायचे. कापड पांढरे असते तोवर कोरडे आहे, पारदर्शक झाले की भिजले आहे, आणि चकाकू लागले तर रेझिन जास्त होऊन कापड तरंगते आहे. पत्नी प्रमाण मोजून मिसळण्याचे काम करत होती. प्रत्येक पेला दोन मिनिटे ढवळायचा, काठ व तळ खरवडायचे आणि पेल्यावर वेळ लिहायची, अशी तिची शिस्त होती व तिच्यापुढे माझी घाई चालली नाही. हातमोजे दोघांनीही चार-चार वेळा बदलले. इपॉक्सीची अॅलर्जी एकदा जडली की ती जात नाही आणि हा छंदच सोडावा लागतो.

सव्वाआठला शेवटचे टोक भिजले. रात्री अकरा आणि पहाटे पाच वाजता उठून भरणीचे दोन थर दिले, म्हणजे आधीचा थर पुरता कडक होण्यापूर्वी पुढचा त्याला रासायनिकरीत्या धरतो व मध्ये घासावे लागत नाही.

२४ मे २०२५

चार जणांनी कनू साच्यांवरून उचलून उलटी केली. आतून ती पहिल्यांदाच पाहिली. आत सरसाचे सगळे ओघळ होते, जे बाहेरून पुसताना आतल्या बाजूला गेले होते. गोल पात्याच्या खरवडणीने ते काढायला तीन संध्याकाळी लागल्या. आतल्या अंतर्गोल भागावर लांब फळी चालत नाही, म्हणून पॉलिश पेपर फोमच्या जाड तुकड्यावर गुंडाळला.

पेन्सिलीने बाहेर काढलेले वर्तुळ मोजून आत उतरवले आणि तिथे दोन्ही बाजूंना कापडाचा लांबट तुकडा आधी लावला, मग त्यावर सलग कापड. बाजूंना रेझिन खाली ओघळते व तळात साचते, त्यामुळे आतला अर्धा भाग बाहेरच्या पूर्ण भागाइतका वेळ खातो. नाळेच्या टोकाशी कापड ताणले जाऊन दोन इंच लांब पोकळी राहिली. ती वाळल्यावर कापून काढली, लाकडाच्या भुशात रेझिन कालवून ते लुकण भरले आणि वरून ठिगळ लावले.

१४ जून २०२५

काठपट्ट्या. आतली व बाहेरची मिळून चार, प्रत्येकी साडेसोळा फूट, अॅशच्या. आतल्या पट्टीला ठराविक अंतरावर खाचा ठेवल्या आहेत, कनू पालथी घातली की त्यांतून पाणी निथळून जाते. काठपट्टी बसेपर्यंत कवच हाताने दाबले तर लचकत होते. दोन्ही बाजूंच्या पट्ट्या पितळी स्क्रूंनी आवळल्यावर त्याला एकदम घट्टपणा आला. या एका संध्याकाळी मला ती पहिल्यांदा वस्तू न वाटता होडी वाटली. घरातले सगळे शिकंजे, शेजाऱ्यांचे सगळे शिकंजे आणि सायकलच्या ट्यूबचे तुकडे मिळून चाळीस आवळण्या लागल्या.

२८ जून २०२५

खांद्यावर वाहून नेण्याची मधली दांडी समतोलबिंदूच्या बोटभर पुढे लावली, म्हणजे चालताना पुढचे टोक किंचित वर राहून वाट दिसते. दोन्ही बैठकींच्या चौकटी अॅशच्या केल्या आणि वेताने विणल्या. माझ्या आजोळी ओटीवर वेताच्या खुर्च्या होत्या व त्या विणायला दर दोन-तीन वर्षांनी एक वृद्ध कारागीर येत असे. तो सहा फेऱ्यांची वीण अर्ध्या दिवसात संपवायचा. मला एका बैठकीला नऊ तास लागले आणि तरी एका कोपऱ्यात तिरकी ओळ चुकली आहे.

१२ जुलै २०२५

व्हार्निशचा तिसरा हात. इपॉक्सीला पाण्याचे भय नाही, पण उन्हातल्या अतिनील किरणांनी ते पिवळे पडते, ठिसूळ होते व कापडापासून सुटू लागते. म्हणून अतिनील किरण अडवणारे जहाजी व्हार्निश हे इथे ढालीसारखे आहे आणि दर काही वर्षांनी ते पुन्हा द्यावे लागेल. त्याआधी इपॉक्सीवर आलेला मेणचट ओशट थर साध्या पाण्याने व घासणीने धुऊन काढला. तो राहिला असता तर व्हार्निश कधीच वाळले नसते.

मावळतीच्या उन्हात कनू अंगणात ठेवली तेव्हा मागच्या चौथ्या साच्याची जागा दिसली. चकाकी आली की लपलेले सगळे उघडे होते, हे मला ठाऊक हवे होते. आकाशाचे प्रतिबिंब कनूच्या अंगावरून सरळ येते, तिथे एका हाताच्या अंतरात थरथरते आणि पुढे पुन्हा सरळ जाते. घरात कोणाला दाखवले नाही.

२६ जुलै २०२५

वजन साडेसव्वीस किलो. स्वतःचे वजन करून, मग कनू खांद्यावर घेऊन वजनकाट्यावर उभा राहिलो. नकाशावर पंचवीस सांगितले होते. दीड किलो माझ्या सढळ रेझिनचे असावे.

सकाळी सहा वाजता लिटल लेकवर नेली. पाणी काचेसारखे होते. मी मागे व मुलगी पुढे बसलो. पहिली पंधरा मिनिटे दोघांच्याही गुडघ्यांत अवघडलेपण होते, कारण प्रॉस्पेक्टर बसताक्षणी हलते आणि नंतर थोड्या कलावर जाऊन स्थिर राहते, हे शरीराला कळायला वेळ लागतो. वल्ह्याच्या चार फटक्यांत ती वळते. आठच्या सुमारास नैर्ऋत्येकडून झुळूक आली व पुढचे हलके टोक लगेच वाऱ्याबरोबर फिरू लागले. मागून सतत सुधारत राहावे लागले. परत येताना मी बैठक सोडून मध्याकडे गुडघ्यांवर बसलो, तेव्हा ती बरीच ताळ्यावर आली.

गळती नाही. फुगवट्याचा पाण्यात काही परिणाम जाणवला नाही. मामांना तळ्याकाठून व्हिडिओ लावला. त्यांनी कनू टोकाकडून दाखवायला सांगितली, फोन खाली घे, आणखी खाली घे, असे करत पार पाण्याच्या पातळीवर आणायला लावला आणि बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "मागून चौथा ना? दिसला."

उरलेली कामे: पुढची बैठक एक इंच खाली घ्यायची, तिच्या बोल्टांखाली पितळी वायसर घालायचे, नाळेवर तळाशी घासल्या जाणाऱ्या भागाला धातूची पातळ पट्टी मारायची. पेटी व सतरा साचे माळ्यावर ठेवले आहेत. चौथ्या साच्यावर दोन्ही बाजूंना, कोणती बाजू मध्याकडे ते बाणाने लिहिले आहे.